नायलॉन तारांची इलेक्ट्रिक गिटार घेताना आधी काय मोजायचं?

वाचकाचं पत्र

मी मालवणला राहतो. बरीच वर्षं स्टीलच्या तारांची गिटार वाजवतोय, अलीकडे सगळं लक्ष फिंगरस्टाइलवर, म्हणजे पिकशिवाय बोटांनी वाजवण्यावर आहे. सीझनमध्ये तारकर्लीच्या एका हॉटेलात आठवड्यातून दोन संध्याकाळी एकटा वाजवतो. शिवाय गावातल्या भावगीतांच्या कार्यक्रमांत साथीला असतो. आता मला नायलॉनचा मऊ आवाज हवा आहे. एका मित्राची क्लासिकल गिटार मागून आणली, पिकअप चिकटवला आणि थेट मिक्सरला जोडली. आवाज पत्र्यासारखा पातळ आला आणि थोडा वाढवला की मॉनिटर घुमायला लागला. माझ्या आहे त्याच गिटारवर नायलॉन तारा चढवल्या तर चालेल का? नवीच घ्यायची झाली तर पिकअपवाली क्लासिकल घेऊ, पातळ अंगाची इलेक्ट्रिक घेऊ, की सायलेंट गिटार? बजेट ६० हजार. आणखी एक, पावसाळ्यात आमच्या घरात गिटारवर बुरशी धरते.

उत्तर

सगळ्यात सोप्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. आहे त्या गिटारवर नायलॉन चढवू नका. स्टीलच्या साध्या सेटचा एकूण ताण साधारण ७० ते ७५ किलो असतो, नायलॉनचा ३८ ते ४० किलो. तुमच्या गिटारचा टॉप आणि त्याखालच्या पट्ट्या दुप्पट ओढ सोसण्यासाठी बनवलेल्या आहेत, त्या निम्म्या ताणाने नीट हलणारच नाहीत. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या खाचाही जाड नायलॉनला पुरत नाहीत. तुमच्या गिटारला साउंडहोलमध्ये बसणारा मॅग्नेटिक पिकअप असेल, तर नायलॉनच्या तारा त्याला ऐकूच येणार नाहीत, कारण त्यात लोखंड नाही. उलटा प्रयोग तर कधीच करू नका. क्लासिकलवर स्टीलच्या तारा ताणल्या की ब्रिज उखडतो.

आता मुख्य प्रश्न. तुमचा आवाज लोकांपर्यंत दोन्ही ठिकाणी स्पीकरमधून जाणार आहे. त्यामुळे दुकानात मांडीवर घेऊन वाजवल्यावर कुठली गिटार गोड लागते, यावर निर्णय घेऊ नका. सॉलिड टॉप, महागडं लाकूड यावर जादा पैसे टाकून तुमच्या कामात फारसा फरक पडणार नाही. किनाऱ्याच्या हवेत तर लॅमिनेटेड टॉप उलट कमी त्रास देतो. तुमच्यासाठी तीन गोष्टी महत्त्वाच्या: तारांमधलं अंतर, पिकअप-प्रीअँप (पिकअपचा नाजूक सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि नेकमधला ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करायची आतली धातूची सळी).

तारांमधल्या अंतराबद्दल सगळे फक्त नटची रुंदी सांगतात. स्टीलच्या गिटारचा नट साधारण ४३ मि.मी.चा असतो, पारंपरिक क्लासिकलचा ५२. मधल्या वाटेने ४८ मि.मी.च्या गिटारी निघाल्या आहेत. त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. स्टीलवर तयार झालेल्या डाव्या हाताला ४८ लगेच मानवतो. ५२ वर अंगठ्याने सहावी तार वरून दाबणं जवळजवळ सोडून द्यावं लागतं आणि बारे कॉर्डला (एका बोटाने आडव्या सगळ्या तारा दाबायच्या) मनगट जास्त वळवावं लागतं. पण नट हा डाव्या हाताचा हिशेब झाला. फिंगरस्टाइलमध्ये खरं काम उजव्या हाताचं, आणि त्यासाठी ब्रिजपाशी मोजायला हवं. सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत मोजपट्टी लावा. स्टीलच्या गिटारवर बहुधा ५५ मि.मी.च्या आसपास भरेल, क्लासिकलवर ५८ ते ६०. तुमच्यासाठी ५७ च्या खाली नको. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका लागोपाठच्या तीन तारांवर पडतात. नायलॉनची तार स्टीलपेक्षा जाड असते आणि जास्त रुंद डोलते, त्यामुळे अंतर कमी असेल तर नख शेजारच्या तारेला लागतं. ४८ चा नट आणि सॅडलवर ५७-५८ ही जोडी मिळाली, तर तुमचा अर्धा शोध संपला.

फ्रेटबोर्ड किंचित गोलसर असेल तर घ्या. पूर्ण सपाट बोर्डवर बारे धरताना मधल्या तारा निसटतात, निदान सुरुवातीचे काही महिने तरी. साथीला बसता म्हणजे कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून पट्टी चढवणारा चाप लागणारच. गायकाने ऐन वेळी काळी चार सांगितली, तर G च्या आकारात कॅपो पहिल्या फ्रेटवर किंवा E च्या आकारात चौथ्यावर. तुमचा सध्याचा कॅपो स्टीलच्या गोलाईचा असणार, तो सपाट बोर्डवर कडेच्या तारा दाबतो आणि मधल्या सोडतो. नेक ५२ मि.मी.चा असेल तर लांबीलाही अपुरा पडतो. गिटारबरोबरच तिच्या बोर्डला बसणारा कॅपो घ्या.

मित्राच्या गिटारचा आवाज पत्र्यासारखा का आला? दोष गिटारचा नव्हता. चिकटवायचा पिकअप म्हणजे पीझो, लाकडाचं कंपन टिपणारा, आणि त्याचा सिग्नल फार नाजूक असतो. त्याला पुढे निदान १ मेगओहमचा इनपुट लागतो, १० मेगओहम असेल तर उत्तम. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण १० किलोओहमचा असतो. एवढ्या कमी ओहमवर पीझोतला खर्ज आणि मध्य जागच्या जागी गळून जातो, आणि उरतो तो टकटक नखांचा आवाज. मध्ये प्रीअँप किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी, विजेवर चालणारी डबी) ठेवला असता, तर त्याच पिकअपमधून निराळी गिटार ऐकू आली असती. कारखान्यातून इलेक्ट्रिक म्हणून आलेल्या गिटारमध्ये प्रीअँप आतच असतो, म्हणून तिला साधा पॅसिव्ह डीआयही चालतो. डीआय तुमच्या पायाशी ठेवा, गिटारची केबल ५-६ मीटरच्या आत ठेवा आणि तिथून मिक्सरपर्यंत एक्सएलआर केबल ओढा. हॉटेलात हमिंग आलं तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. समुद्राकाठच्या ओल्या जमिनीवर तो खेळ जिवावर बेततो.

नायलॉनच्या गिटारमध्ये बहुतेक वेळा पीझोची पट्टी सॅडलखाली असते. तिचा गुण म्हणजे ती सहजी घुमत नाही. दोष म्हणजे नख लागतं त्या क्षणाचा आवाज ती फार मोठा करून सांगते. याच्या जोडीला अंगाचा सेन्सर किंवा आत छोटा माइक असलेल्या गिटारी मिळतात. तुम्ही अंगावर थाप देऊन ठेका धरत असाल तर दुसरा स्रोत हवाच, नुसत्या सॅडलपट्टीला ती थाप धड ऐकू येत नाही. पण स्टेजवर सेन्सरचा वाटा पंचवीस-तीस टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण घुमतो तो तोच. इक्वलायझर सगळा मध्यावर ठेवून सुरुवात करा, मग १.५ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३-४ डेसिबल कमी करा. नखांची कुरकुर तिथेच बसलेली असते. ट्रेबल वाढवून आवाज उघडत नाही, फक्त बोचरा होतो.

घुमण्याचं गणित समजून घ्या, म्हणजे कुठली गिटार घ्यायची तेही आपोआप ठरेल. पोकळ गिटारच्या आतली हवा साधारण ९० ते ११० हर्ट्झवर स्वतःच डोलते, म्हणजे सहाव्या तारेवरच्या दुसऱ्या ते पाचव्या फ्रेटच्या स्वरांवर. टॉपचा स्वतःचा कंप त्याच्या जवळपास दुप्पट हर्ट्झवर असतो. मॉनिटरमधला आवाज टॉपला हलवतो, टॉप पिकअपला, पिकअप पुन्हा मॉनिटरला. हे चक्र तोडायचे तीन मार्ग आहेत. साउंडहोलवर रबराचं झाकण बसवा. प्रीअँपवर फेज बदलायचं बटण असेल तर ते दाबून बघा. तरीही एखादा स्वर फुगत असेल तर नॉच फिल्टर (एकच अरुंद पट्टा कापणारा) हळूहळू फिरवत त्या स्वरावर आणून ठेवा. ८० हर्ट्झखालचं सगळं हाय-पासने कापून टाका. तुमची सगळ्यात खालची उघडी तार ८२ वर आहे, त्याखाली संगीत नाही, नुसती धडधड आहे. हॉटेलवाले बऱ्याचदा स्पीकर कलाकाराच्या पाठीशी ठेवतात. तो ओढून आपल्या पुढे आणि बाजूला आणा, मगच नॉचला हात लावा.

म्हणून तुमच्या कामाला पूर्ण जाड अंगाची पिकअपवाली क्लासिकल नको. राहिल्या दोन.

पातळ अंगाच्या गिटारींत यामाहाच्या एनटीएक्स मालिकेचा नट ४८ मि.मी.चा आहे, नेक चौदाव्या फ्रेटवर जोडलेला, अंग पातळ. त्याच कंपनीची एनसीएक्स म्हणजे ५२ चा नट आणि बाराव्या फ्रेटवर जोड, ती क्लासिकलवाल्यांची. नावं सारखी असल्यामुळे ऑर्डर देताना घोळ होतो, दोनदा वाचा. कॉर्डोबाची ‘स्टेज’ नावाची गिटार ४८ मि.मी.ची आणि पातळ, सॅडलपट्टी आणि अंगाचा सेन्सर दोन्ही असलेली, आणि तिला साउंडहोलच नाही. मोठ्या स्टेजला ती शांत राहते. गोडिनची मल्टिॲक या वर्गात नावाजलेली आहे. आत कप्पे कोरलेलं लाकडी अंग, त्यामुळे घुमणं जवळजवळ नाही. पण नवी तुमच्या बजेटच्या बाहेर जाते, वापरलेली चांगली मिळाली तर जरूर बघा. या सगळ्यांचं मूळ १९८२ मध्ये अमेरिकन गिटारवादक चेट ॲटकिन्स यांच्या नावाने गिब्सनने काढलेल्या नायलॉन गिटारमध्ये आहे. जोरात वाजणाऱ्या वाद्यवृंदात नायलॉन ऐकू यायचं तर अंग बारीक आणि जड करायचं, हा विचार तेव्हापासूनचा.

सायलेंट गिटारमध्ये यामाहाची एसएलजी २०० एन ५० मि.मी. नटची आहे, एसएलजी २०० एनडब्ल्यू ५२ ची. पेटीच नाही, नुसती मधली दांडी आणि बाजूला सुटी होणारी फ्रेम. घुमायचा प्रश्नच येत नाही. हेडफोन थेट लागतो आणि दोन पेन्सिल सेलवर चालते, त्यामुळे पत्र्यावर पाऊस कोसळत असताना किंवा वीज गेलेली असताना रियाझ थांबत नाही. पण तारकर्लीला वीज गेली आणि हॉटेलवाल्याने "तसंच वाजवा" म्हटलं, तर समोरच्या टेबलापर्यंतही आवाज पोचायचा नाही. थापेचा ठेकाही तिच्यावर जवळजवळ नाही. तुम्ही एकटे वाजवता, म्हणून आमचा कौल पातळ अंगाच्या ४८ मि.मी.च्या गिटारला. एनटीएक्ससारखी घेतलीत तर साउंडहोलचं झाकण त्याच दिवशी घ्या.

६० हजार सगळे गिटारवर घालू नका. ४५ ते ४८ हजारांपर्यंत थांबा. उरलेल्यात हाय-पास, नॉच आणि फेजचं बटण असलेला प्रीअँप-डीआय, एक चांगली केबल, कडक केस, कॅपो आणि सेटअपचा खर्च बसवा. मधल्या दर्जाची गिटार आणि नीट प्रीअँप, हे महाग गिटार थेट हॉटेलच्या मिक्सरला जोडण्यापेक्षा कितीतरी बरं ऐकू येतं.

खरेदी जाऊन करा. कुडाळहून रेल्वेने मडगाव जवळ पडतं, नाहीतर कोल्हापूर किंवा मुंबई. दुकानात साध्या, रंग न चढवणाऱ्या स्पीकरला जोडायला सांगा, रिव्हर्ब शून्यावर. मग एकेक उघडी तार एकाच बोटाने, एकाच जोराने वाजवा. सहापैकी एखादी दबून येत असेल, बहुधा पहिली किंवा सहावी, तर तिथे सॅडलचा तळ पीझोवर नीट टेकलेला नाही. घाबरायचं कारण नाही. सॅडल काढून, काचेवर ताणलेल्या ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर त्याचा तळ दोन-चार हलके हात घासून सपाट केला की बरेचदा काम होतं. पण ते दुकानदाराने तुमच्यासमोर करून द्यावं. त्याला जमत नसेल तर दुसरा नग मागा. नंतर पहिल्या तारेवर पाचव्या फ्रेटपासून बाराव्यापर्यंत एकेक स्वर धरा. मध्येच एखादा स्वर पटकन मरत असेल तर ती गिटार सोडा, तो दोष सेटअपने जात नाही. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा, विशेषतः तिसऱ्या तारेवर. नायलॉनची G तार जाड आणि ठोंबी असते, सुरातून तीच पहिली सरकते.

तारांची उंची बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेखाली ३.५ मि.मी. आणि पहिलीखाली २.८ च्या आसपास ठेवा. स्टीलच्या सवयीने त्याहून खाली नेलीत तर अंगठ्याच्या जोराच्या फटक्याला तार फ्रेटवर आपटेल. बाराव्याला अर्धा मि.मी. कमी करायचा तर सॅडल एक मि.मी. घासावा लागतो. सॅडल ब्रिजच्या वर निदान २-३ मि.मी. उरायला हवा. नाहीतर तारेचा खालचा दाब कमी होतो आणि पिकअपचा आवाज मरतो. नेकसाठी सहावी तार पहिल्या आणि बाराव्या फ्रेटवर दाबून धरा आणि मध्ये बघा, व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

आता पावसाळा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत किनाऱ्यावरची आर्द्रता दिवसच्या दिवस ८५-९० टक्क्यांवर असते, गिटारला हवी ४५ ते ५५. लाकूड पाणी पितं, टॉप फुगून वर येतो आणि तारा उंच होतात. इथे बरेच जण ट्रस रॉड आवळतात. ते चूक आहे. नेक जागेवर असतो, वर आलेला असतो तो टॉप. त्यावर साधा उपाय: सेटअप करताना दोन सॅडल करून घ्या, एक नेहमीचा आणि एक पाऊण मि.मी. बुटका, दोन्हीचे तळ सपाट. बुटका जूनअखेर घाला, दिवाळीनंतर काढा. सॅडलवर पेन्सिलीने बाजू लिहून ठेवा, उलटा बसला तर उंची आणि सूर दोन्ही बिघडतात.

गिटार चिऱ्याच्या भिंतीला टांगू नका. पावसात त्या भिंतीला ओल असतेच आणि बुरशी तिथूनच येते. केसमध्ये, जमिनीपासून फूटभर वर, पलंगावर किंवा फळीवर ठेवा. केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर आणि सुती पिशवीत २५० ग्रॅम नारिंगी सिलिका जेल. हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशावर दोन तास तापवा, पुन्हा नारिंगी होतं. एप्रिलमध्ये कार्यक्रमासाठी घाट चढून कोल्हापूरला गेलात तर जेल काढून ठेवा. तिथल्या कोरड्या हवेत त्याने लाकूड जास्तच सुकतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात.

समुद्रकाठी वाजवून आलात की कोरड्या सुती कापडाने तारा, खुंट्या आणि जॅकचं तोंड पुसा. खारी हवा लाकडाआधी धातूला धरते. जॅक खरखरायला लागला तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून प्लग दहाएक वेळा आत-बाहेर करा. वाजवून झाल्यावर केबल काढायलाच हवी, प्लग आत असेपर्यंत प्रीअँप चालू राहतो आणि बॅटरी उतरते. बॅटरी उतरत आल्याची पहिली खूण म्हणजे अंगठ्याच्या जोराच्या स्वराला येणारी चरचर, ती ऐकली की मध्यंतरातच बदला. सीझन संपला की बॅटरी काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात तिच्या टोकांना हिरवा गंज धरतो.

तारा नॉर्मल टेन्शनच्या घ्या. हाय टेन्शनने आवाज वाढतो, पण तुमचा आवाज स्पीकर वाढवणारच आहे. नव्या नायलॉन तारा चार-पाच दिवस ताणत राहतात, म्हणून कार्यक्रमाच्या निदान पाच दिवस आधी बदला. पहिली तार ब्रिजला बांधताना दोन-तीन वेढे घ्या आणि शेवटचा वेढा ब्रिजच्या मागच्या कडेखाली दाबून टाका, नाहीतर गुळगुळीत नायलॉन सरकून सुटतं आणि टॉपवर टोला बसतो. सहांत सगळ्यात आधी तुटते ती चौथी, D ची. वेढ्याच्या तारांत ती सगळ्यात बारीक, फ्रेटवर घासून तिचा वेढा उसवतो. केसमध्ये पूर्ण सेटाबरोबर दोन सुट्या D ठेवा.

जुनी स्टीलची गिटार मात्र इतक्यात विकू नका. नायलॉनला उजव्या हाताची नखं वेगळी लागतात, बोटाच्या टोकापासून दीड-दोन मि.मी. पुढे, गोलसर आणि बारीक पेपरवर गुळगुळीत केलेली. ती वाढून हात बसेपर्यंत हॉटेलच्या संध्याकाळी जुनीवरच निभवा.